पाहुण्यापुरता गार्ड

१२ फेब्रुवारी १९८१, गुरुवार. चिंचवड
सुट्टी. सकाळी सायकलचं पंक्चर, दुपारी झोप. संध्याकाळी आमच्या एका खोलीत वीसेक माणसं. टीव्ही घेतल्यापासून गुरुवार आपला राहिला नाही. कुसुम म्हणते, दाराला तिकीट लावा, निदान चपला तरी नीट काढतील.

तीच इंग्रजी मालिका. निरनिराळ्या ग्रहांवरचे लोक, तह, लढाया. आळीत इंग्रजी कळणारा मी एकटा, म्हणून पडद्याशेजारी स्टूल टाकून मराठीत सांगत बसतो. आपल्या पृथ्वीचा जो राजदूत, त्याला मी पेशवाईतल्यासारखा 'वकील' म्हणायला लागलो. प्रेस शॉपच्या रफीकने पहिल्याच दिवशी विचारलं, "कोणच्या कोर्टातला?" तेव्हापासून वकीलसाहेब. दुसरा दूत अशा ग्रहावरचा, की तिथे खोटं बोलणं ठाऊकच नाही. तो निळा.

निळा असं मालिकेत कुणी म्हणालेलं नाही. आमच्या पडद्यावर सगळेच करडे. नामदेव पहिल्यांदा आला त्या दिवशी मीच जोडून दिलं. त्यावर तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "निळा हाय म्हंजी आपलाच माणूस!" खोलीभर हशा. आता मागे घेता येत नाही.

आजचा भाग: परक्या राजाने पाणी दिलं, वकीलसाहेबांनी घोट घेतला, तोंड वाकडं होता होता सावरलं आणि म्हणाले, अमृत. निळ्याने प्यायलं आणि सांगितलं, पाणी नासलंय. झालं, तह मोडायची वेळ.

कुसुम: "दुसऱ्याच्या घरचं पाणी नासलंय म्हणतं का कुणी? रीतभात काही?"
नामदेव: "वैनी, मग पोट बिघडंल त्येचं काय?"
मी वकिलाच्या बाजूने. चार शब्द गोड बोलल्याने युद्ध टळत असेल तर बोलावेत. नामदेव म्हणाला, "तू दुभाषा. दोन जिभांचा. तुला ती बाजू घ्यावीच लागती."

मजेत म्हणाला. आमची चौदा वर्षांची अरे-तुरे. एकाच दिवशी कंपनीच्या गेटवर भरतीच्या रांगेत उभे होतो. तो प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर लागला, मी इंग्रजीच्या जोरावर पर्सोनेल खात्यात.

१७ फेब्रु., मंगळ.
परदेशातल्या मूळ कंपनीचा इंजिनिअर आला. कारखानाभर हिंडला. मी दुभाषा, दाणीसाहेब (पर्सोनेल मॅनेजर) सतत माझ्या उजव्या खांद्याशी.

प्रेस शॉपमध्ये गेल्या आठवड्यात सगळ्या मशीनना गार्ड बसवले. हात प्रेसखाली गेला तर मध्ये येणारी ती जाळी. एरवी स्टोअरमध्ये पडून असतात, कारण त्या लावल्या की माल कमी निघतो. पिवळा रंग अजून ओला होता.

पाहुणा नेमका नामदेवच्या मशीनपाशी थांबला. म्हणाला, याला विचारा, गार्डबद्दल याचं काय मत.

नामदेव माझ्याकडे न बघता सरळ त्याच्याकडे बघून: "गार्ड पावण्यापुरता हाय. पावणा गेला की निघंल. सांग त्येला."

मी सांगितलं: गार्ड पुरता आहे, कामगार समाधानी आहेत.

पहिल्या वाक्यातला निदान एक शब्द त्याचा होता. दुसरं अख्खं माझं. जीभ आपोआप चालली, विचार केला असं म्हणताच येत नाही. पाहुण्याने नामदेवचा तेलकट हात हातात घेऊन जोरात हलवला.

कँटीनमध्ये नामदेव पाठीवर थाप मारून म्हणाला, "पटलं बघ गोऱ्याला! हात दिला." मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार होतो.

संध्याकाळी भेटीचा अहवाल टाईप केला. तीन प्रती. खाली माझी सही.

२० फेब्रु., शुक्र.
गार्ड निघाले. स्टोअरकीपर हातगाडीवर घालून नेत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि परत फाइलीत तोंड घातलं.

सुट्टीच्या वेळी गेटवर रफीक आणि नामदेव. रफीक प्रेसवर नवा, वर्षच झालंय. म्हणत होता, बिनगार्डचं मशीन मी चालवत नाही, काय करायचं ते करा. नामदेव त्याला समजावत होता, "महिनाभर कळ काढ. गोऱ्याच्या कानावर घातलंय. त्येचं पत्र येतंय बघ." मग माझ्याकडे वळून, "काय रं, येईल ना पत्र?"

"येईल," म्हणालो.

९ मार्च, सोम.
रफीक. उजव्या हाताची दोन बोटं. दुपारी दोनच्या सुमाराला.

आणखी लिहवत नाही.

१० मार्च, मंगळ.
हॉस्पिटलमध्ये गेलो. रफीकची आई कॉटशेजारी जमिनीवर बसलेली. त्यानेच मला बसायला सांगितलं, स्टूल डाव्या हाताने सरकवून दिलं. शुद्धीवर आल्यावर आधी नामदेवचं नाव घेतलं म्हणे. नामदेव बाहेर व्हरांड्यात उभा, आत यायला तयार नाही. मला म्हणाला, "थांब म्हणून मीच सांगितलं हुतं त्येला."

मी म्हणालो, तुझा काय दोष.

त्याचा दोष नव्हताच. कुणाचा होता ते त्या व्हरांड्यात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो दुसऱ्याचं सांत्वन करत होता. लाज वाटते लिहायला.

१२ मार्च, गुरु.
टीव्ही लावला नाही. चार-पाच जण येऊन परत गेले.

१६ मार्च, सोम.
सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येऊन गेला होता. नामदेवने त्याला सांगितलं, गार्ड काढणार हे मी परदेशी साहेबाला सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, दुभाष्याला विचारा. कंपनीने माझा अहवाल पुढे केला. त्यात काय आहे? गार्ड पुरता, कामगार समाधानी. झालं. नामदेव सस्पेंड. आरोप: कंपनीची बदनामी करण्यासाठी खोटं विधान. चार्जशीट इंग्रजीत. त्याची मराठी प्रत करायचं काम माझ्याकडेच आलं. केली. एकही खाडाखोड न करता.

१७ मार्च, मंगळ.
दाणीसाहेबांच्या केबिनमध्ये अर्धा तास. चहा, बिस्किटं. चौकशीत मला साक्ष द्यायची आहे.

"खोटं बोला असं तुम्हाला कोण म्हणतंय? प्रेस शॉपमध्ये आवाज किती. 'पाहुण्यापुरता' यातलं 'पाहुण्या' गेलं तुमच्या कानावरून. राहिलं काय? पुरता. पुरता म्हणजे पुरेसा. तुम्ही ऐकलं त्याचं भाषांतर केलं. यात तुमचंही चुकलं नाही, कंपनीचंही नाही."

इतकं सफाईदार, की क्षणभर मलाच वाटलं, असंच झालं असेल. मग म्हणाले, "तुम्ही जपून बोलणारे आहात, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय तिथे." तिथे म्हणजे त्यांच्या खांद्याशी. माझं बढतीचं कागदपत्र वर गेलंय, हे जाता जाता.

कुसुमला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नामदेवभाऊजींना माहीत आहे का तुम्ही काय सांगितलं होतं ते?"
नाही.
"मग आधी ते सांगा."

१९ मार्च, गुरु.
सांगायला म्हणून नामदेवच्या घरी काळेवाडीला निघालो. पुलावरच नामदेव भेटला, आमच्याकडेच येत होता. माझा अहवाल कुणीतरी बदलला, अशी त्याची खात्री. "तुझी सही खाली ठिऊन वरचा मजकूर फिरवला असणार. तू साक्षीला हायस म्हंजी मला घोर न्हाई."

तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. मालिकेवर बोलायला लागलो. कोणत्या तोंडाने, कोण जाणे. तो म्हणाला, "वसंता, त्यो वकील वाईट न्हाई रं. पर त्याला भ्या वाटतंय आनि भ्याला त्यो रीत म्हनतोय." ते मालिकेबद्दलच होतं. त्याला आडून बोलता येत नाही.

२६ मार्च, गुरु.
आज बऱ्याच दिवसांनी टीव्ही लावला, कारण रफीक आला. हाताला मोठं बँडेज. आईही बरोबर. नामदेव, त्याची मुलगी सुनंदा. नामदेवने रफीकला पुढे बसवलं, पाठीशी उशी दिली.

भाग फार वाईट निघाला. एक ग्रह मरणाला टेकलेला. तिथली म्हातारी राणी विचारते, मदतीची जहाजं निघाली का? वकीलसाहेब म्हणतात, निघाली, पोहोचतीलच. मग ती निळ्याला विचारते. तो म्हणतो, एकही निघालेलं नाही, निघणारही नाही. ती डोळे मिटते. मग उठते, जमतील तेवढ्या लोकांना घेऊन डोंगरातल्या गुहांकडे चालायला लागते. निळ्यामुळे अर्धे तरी वाचतात.

रफीकची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. पडद्याकडे नाही, माझ्याकडे. निळा काय म्हणाला, तिने विचारलं.

मी सांगितलं, निळा म्हणतोय, जहाजं निघाली आहेत.

पुढे सगळं जुळवता जुळवता घाम फुटला. जहाजं निघाली तर ही माणसं गुहांकडे का चालली? म्हटलं, जहाजांना भेटायला. रफीकची आई म्हणाली, बरं झालं. सगळे समाधानाने उठले. सुनंदा मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे टक लावून होती. ती यंदा कॉलेजात आहे, तिला इंग्रजी कळतं, हे मी विसरलो होतो.

१ एप्रिल, बुध.
चौकशीची तारीख लागली, ७ ला. बाहेरचे वकील चौकशी अधिकारी. भूक नाही, झोप नाही. कु. विचारत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.

७ एप्रिल, मंगळ.
कॉन्फरन्स रूम. टेबलाच्या एका बाजूला दाणीसाहेब, दुसऱ्या बाजूला नामदेव. इस्त्रीचा पांढरा शर्ट, लग्नाला निघाल्यासारखा. मी आत आलो तेव्हा हसला.

विचारलं, आरोपी कामगार काय म्हणाला?
मी: मशीनचा आवाज होता. 'पुरता' एवढंच ऐकू आलं.
'पाहुण्या' हा शब्द?
ऐकू आला नाही.
कामगार समाधानी आहेत, हे तो म्हणाला?
तसा त्याच्या बोलण्याचा रोख वाटला.

तीन उत्तरं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नामदेवला सांगण्यात आलं, साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर विचारा. तो उठला. शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "साक्षीदारांना एकच विचारायचंय. ती जहाजं निघाली हुती का?"

अधिकारी: कसली जहाजं?
"त्येंना ठावं हाय."

सुनंदाने सांगितलं असणार. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगितलं, गैरलागू, वगळा. नामदेव म्हणाला, "माझं झालं," आणि खाली बसला.

जबानीची टाईप केलेली प्रत २२ ला वाचून त्यावर सही करायची. काही दुरुस्ती असेल तर सहीच्या आधी सांगा, नंतर चालणार नाही, असं अधिकारी म्हणाले. सही झाली की निकाल. दाणीसाहेब जिन्यात म्हणाले, उत्तम झालं.

९ एप्रिल, गुरु.
आळीतली माणसं आली. काळेवाडीचं कुणी नाही. स्टूलवर बसलो. वकील आणि निळा काहीतरी भांडत होते. दहा मिनिटांनी म्हणालो, आज आवाज नीट येत नाही, मला कळत नाहीये. आवाज खणखणीत होता. लोक नुसतीच चित्रं बघत बसले.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. गेली दहा-बारा वर्षं काळेवाडीत नामदेवच्या घरी जेवायला जातो, मग मिरवणूक. यंदा बोलावणं नाही. तशी बोलावण्याची गरज कधी पडली नव्हती, जायचं हे ठरलेलंच असायचं. संध्याकाळी पुलाच्या अलीकडे उभा राहिलो. ढोल ऐकू येत होते. निळे झेंडे दिसत होते. तिथल्या लोकांना मी एक खोटा निळा माणूस दिला होता आणि त्याच्या तोंडी माझं बोलणं घातलं होतं, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

रफीक सायकलवरून पलीकडे चालला होता. एका हाताने चालवत. थांबला. "चला की," म्हणाला. मी म्हटलं, बरं वाटत नाही. तो म्हणाला, "भाऊ, एक विचारू? नामदेवभाऊ म्हणतात, बोटं त्यांच्यामुळं गेली. काय केल्या डोक्यातून काढत नाहीत. तुम्ही सांगून बघा ना त्यांना. तुमचं ऐकतात."



२० एप्रिल, सोम.
मला भीती वाटते. सरळ लिहितो. बढती जाईल त्याची नाही, ती गेली तर गेली. परवा मी दुरुस्ती केली की पहिल्या दिवसापासूनचं सगळं निघेल. अहवाल खोटा, साक्ष खोटी. नोकरी राहील की नाही, ते दाणीसाहेबांच्या हातात. पण त्याहून मोठी भीती रफीकची आहे. त्याला कळेल की पत्र कधी येणारच नव्हतं.

कु.ला म्हटलं, मी कुणाचं वाईट व्हावं म्हणून केलं नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही कुणाचंच वाईट चिंतत नाही. समोरच्याचा चेहरा पडलेला तुम्हाला बघवत नाही, एवढंच." मग थोड्या वेळाने, "पण तुमच्या माघारी पडतोच की हो तो."

एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं. राग आला. मग गेला.

२१ एप्रिल, मंगळ.
कामावरून परस्पर काळेवाडीला गेलो. सुनंदाने दार उघडलं, काका म्हणाली नाही, बाजूला झाली. नामदेव खाटेवर बसून जुना शर्ट शिवत होता. गॅरेजात हाताखाली काम बघितलंय, तिथे घालायला.

"या," म्हणाला. "बसा."

बसलो. पाणी आलं. चौदा वर्षांत त्या घरात मला कुणी पाणी पुढे केलं नव्हतं, मी माठातून घ्यायचो.

सगळं सांगितलं. गार्ड, पुरता, समाधानी. पत्र येईल म्हणालो ते. पुलावर भेटला तेव्हा सांगायलाच निघालो होतो आणि मालिकेवर बोललो ते. कुणी अहवाल बदलला नव्हता. मध्ये एकदाही थांबवलं नाही त्याने. सुई थांबली होती तेवढीच.

म्हणालो, उद्या सहीच्या आधी दुरुस्ती करणार आहे. तू म्हणालास तेच शब्द, जसेच्या तसे.

"मला नका सांगू," तो म्हणाला. "तिथं सांगा."

"सांगणार आहे, नामदेव."

"तिथं सांगा. आनि मग रफीककडं जावा. नोकरी गेली तर जाऊ दे, हात धड हायत माझं. पर त्या पोराला मी थांब म्हनलो, ते माझ्या मानंवर बसलंय. ते तुमी उतरवायचं. तुमीच."

तुमी, तुमी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उठताना न राहवून म्हणालो, नामदेव, मला अरे म्हण की रे.

त्याने सुई शर्टाला टोचून ठेवली. दारापर्यंत सोडायला आला, परक्या पाहुण्याला येतात तसा. चप्पल घालेपर्यंत उभा राहिला.

"उद्याचं होऊ द्या. मग बघू."

'बघू' हा शब्द त्याच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ऐकला. त्याचं हो हो असायचं आणि नाही नाही.

चालत परत आलो. कु.ने विचारलं, काय म्हणाले? बघू म्हणाला, एवढंच सांगितलं. तिने पुढे काही विचारलं नाही, फक्त उद्याचा शर्ट काढून खुंटीवर लावला.

उद्या अकरा वाजता.